ठळक गोलाकार देवनागरी अक्षरवळणाची रचना आणि उपयोजन : ‘बलू’च्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

भाषेच्या अभ्यासात शब्द, अर्थ आणि शैली यांचा जितका बारकाईने विचार होतो, तितका अक्षराच्या दृश्य रूपाचा होत नाही. बापूराव नाईक यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा त्रिखंडात्मक ग्रंथ १९७१ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर मुद्राक्षरांचा प्रश्न मुख्यतः कलाशिक्षणाच्या आणि संगणकाच्या क्षेत्रात राहिला. मराठीच्या अध्यापनात त्याला फारसे स्थान मिळाले नाही. वस्तुतः आज सामान्य माणसाच्या नजरेस पडणारे बरेचसे मराठी पुस्तकाच्या पानावर नसून फलकावर, फ्लेक्सवर, वेष्टनावर आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर असते. तेथे अक्षराचे वळण हा मजकुराच्या अर्थाचाच एक भाग बनतो.

या दर्शनी मराठीत गेल्या काही वर्षांत जाड, गोलसर टोकांच्या अक्षरांचा वापर वाढलेला दिसतो. या प्रकारातील एक महत्त्वाचे आणि सर्वांना विनामूल्य उपलब्ध असलेले वळण म्हणजे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने तयार केलेले ‘बलू’ होय. प्रस्तुत लेखात या वळणाची रचना, तिच्यामागील लिपीविषयक निर्णय आणि वाशिमसारख्या जिल्ह्यातील सार्वजनिक लेखनाच्या संदर्भात त्याचे उपयोजन यांची चिकित्सा केली आहे. ठळक गोलाकार वळणाचे मूल्यमापन केवळ त्याच्या गोडव्यावरून करता येणार नाही. जाडी वाढवूनही मराठी अक्षराची ओळख ते किती राखते आणि कोणत्या मजकुरासाठी ते निवडले जाते, या दोन कसोट्यांवरच ते करावयास हवे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

दर्शनी अक्षराची पूर्वपीठिका :

दैनंदिन लेखनाचे अक्षर आणि लोकांसमोर मांडावयाचे अक्षर यांत भेद करण्याची परंपरा जुनी आहे. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. वाकाटकांच्या कोरीव लेखांत अक्षरांच्या माथ्यावर लहान चौकोनी पेटी काढण्याची पद्धत आढळते. पुराभिलेखाचे अभ्यासक या ब्राह्मीला पेटिकाशीर्षक म्हणतात. वा. वि. मिराशी यांनी १९६३ साली संपादित केलेल्या वाकाटकांच्या कोरीव लेखांच्या खंडात तिचे नमुने पाहावयास मिळतात. अक्षर ओळखण्यासाठी ती पेटी आवश्यक नव्हती. राजशासनाला एक विशिष्ट भारदस्तपणा देण्याचे कार्य तिने केले. अक्षराच्या अर्थात भर न घालता त्याच्या प्रभावात भर घालणे हेच दर्शनी वळणाचेही कार्य असते.

मुद्रणाच्या काळात देवनागरीचे प्रतिष्ठित रूप बोरूच्या वळणावर उभे राहिले. तिरप्या कापलेल्या बोरूमुळे अक्षराच्या रेषेत जाड आणि बारीक यांचा नियमित खेळ निर्माण होतो. जावजी दादाजी यांनी मुंबईत स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनी हेच सौंदर्य शिशात उतरविले. पुढे नाटकांच्या आणि चित्रपटांच्या जाहिरातींत कमल शेडगे (निधन २०२०) यांच्यासारख्या अक्षररेखनकारांनी प्रत्येक शीर्षकाला स्वतंत्र व्यक्तिमत्त्व दिले. तालुक्याच्या गावी हेच काम फलक रंगविणारा पेंटर करीत असे. फ्लेक्सची छपाई आल्यावर ब्रशाची जागा संगणकातील तयार अक्षरांनी घेतली. त्यामुळे शीर्षकाचे व्यक्तिमत्त्व ठरविण्याचे काम रेखनकाराकडून अक्षरवळणाच्या रचनाकाराकडे गेले. ‘बलू’सारख्या वळणाची जबाबदारी या बदलामुळे वाढली आहे.

रोमन लिपीत ठळक गोलाकार वळणांची परंपरा विसाव्या शतकात दृढ झाली. शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपर यांचे ‘कूपर ब्लॅक’ १९२२ साली आले आणि जाहिरातीचे आवडते अक्षर बनले. १९७९ मध्ये फोक्सवॅगन समूहासाठी ‘व्हॅग राउंडेड’ हे वळण तयार झाले. यावरून देवनागरीतील गोलाई ही रोमनची उसनवारी आहे, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. तो पूर्णतः ग्राह्य नाही. बोरू हे देवनागरीचे एकमेव साधन कधीच नव्हते. मुलाच्या हाताला पहिले वळण धूळपाटीवर बोटाने मिळत असे. बोटाने काढलेली रेषा सर्वत्र सारख्या जाडीची आणि टोकाला गोल असते. पाटीवरची पेन्सिल, भिंतीवरचा गेरू यांचीही रेषा याच कुळातील आहे. ‘बलू’ची निर्मिती धुळाक्षरांतून झाली असा दावा येथे अभिप्रेत नाही, गोल टोकाची, एकसारख्या जाडीची रेषा मराठी डोळ्याला परकी नाही, एवढेच यातून सिद्ध होते. ही रेषा शिकण्याच्या पहिल्या दिवसांशी निगडित असल्याने तिच्यात जवळीक आहे, आणि तिच्या मर्यादेचे मूळही तेथेच आहे.

‘बलू’ची रचना :

‘बलू’ २०१६ साली गूगलच्या अक्षरसंग्रहात खुल्या परवान्याखाली उपलब्ध झाले. त्याची देवनागरी सारंग कुलकर्णी यांनी रचली. रुडयार्ड किपलिंग यांच्या ‘जंगल बुक’मधील अस्वलावरून त्याला नाव मिळाले आहे. प्रारंभी त्यात एकच, अत्यंत ठळक जाडी होती. नंतरच्या ‘बलू २’ या आवृत्तीत साध्यापासून अतिठळकपर्यंत पाच जाड्या देण्यात आल्या. देवनागरी आणि रोमन यांच्यासह अनेक भारतीय लिप्यांत हे कुटुंब विस्तारलेले आहे. प्रत्येक लिपीतील वळणाला त्या भाषेतील नात्याचे संबोधन जोडले आहे. गुजरातीसाठी ‘भाई’, बंगालीसाठी ‘दा’, गुरुमुखीसाठी ‘पाजी’, मल्याळमसाठी ‘चेट्टन’, तमिळसाठी ‘तंबी’, तेलुगूसाठी ‘तम्मुडू’, कन्नडसाठी ‘तम्मा’ आणि ओडियासाठी ‘भैना’. देवनागरीला मात्र असे संबोधन नाही. मराठी, हिंदी, नेपाळी अशा अनेक भाषांची ही लिपी असल्याने एकच नाते तिला पुरले नसते, असा याचा अर्थ लावता येतो. सर्व लिप्या एकाच घरातील भावंडे आहेत ही भूमिका या नामकरणातून सूचित होते. ती रचनेत किती उतरली, हे तपासणे आवश्यक आहे.

अक्षर जाड करणे म्हणजे रेषेची रुंदी वाढविणे, असा सर्वसाधारण समज आहे. देवनागरीत ते तितके सोपे नाही. रोमन लिपीतील बहुतेक अक्षरांत एकावर एक येणाऱ्या आडव्या रेषा दोन किंवा तीन असतात. देवनागरीत शिरोरेषा ही एक आडवी रेषा प्रथमच खर्ची पडते. तिच्याखाली ‘इ’, ‘ह’, ‘झ’ यांसारख्या अक्षरांत वळणांचे अनेक थर येतात. वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि ऋकार यांसाठी जागा राखावी लागते. रेषा जाड होताच अक्षरातील पोकळी बुजू लागते. ती वाचविण्यासाठी अक्षर रुंद करणे, सांध्याजवळ रेषा बारीक करणे आणि शिरोरेषा दंडापेक्षा हलकी ठेवणे असे उपाय रचनाकाराला योजावे लागतात. ठळक देवनागरीची गुणवत्ता प्रामुख्याने या पोकळीच्या हिशेबावर ठरते.

हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. देवनागरीत अनेक अक्षरांतील भेद अत्यंत लहान खुणेवर अवलंबून आहे. ‘ब’मधील तिरपी रेषा बुजली की ‘व’ उरतो. ‘ष’मधील बुजली की ‘प’ उरतो. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’, ‘थ’ आणि ‘य’ यांतील भेद शिरोरेषेतील खंड आणि लहानशी गाठ यांवर तोललेला असतो. जाड रेषेत हा खंड अरुंद होतो आणि गाठ ठिपक्यासारखी दिसू लागते. म्हणून ठळक वळणात या खुणा प्रमाणापेक्षा किंचित मोठ्या ठेवाव्या लागतात. मोठ्या आकारात ‘बलू’ या कसोटीवर समाधानकारक उतरते. त्याची पोकळी खेळती राहते आणि अनावश्यक टोके, काटे वगळल्यामुळे अक्षराचा सांगाडा स्पष्ट दिसतो. आकार लहान होत गेला की अतिठळक जाडीत हा समतोल ढळतो, आणि हा दोष दर्शनी वळणाच्या प्रकृतीतच असल्यामुळे तो वापरानेच टाळावा लागतो.

मराठीची कसोटी :

देवनागरीची सर्वसाधारण कसोटी पार करणारे वळण मराठीच्या कसोटीवर पुन्हा पारखावे लागते. त्यासाठी वाशिम जिल्ह्यातील स्थळनामेच पुरेशी आहेत. ‘मंगरूळपीर’ या एका नावात अनुस्वार, ‘रू’, ‘ळ’ आणि दीर्घ वेलांटी असे चार अवघड घटक आहेत. ‘ळ’मधील दोन गाठी जाड रेषेत सर्वप्रथम बुजतात. ‘रु’ आणि ‘रू’ यांतील भेद एका लहान शेपटीचा असून तो पुसला गेला तर ऱ्हस्वदीर्घाचा नियम फलकावर निरर्थक ठरतो. ‘वाशिम’ या नावात ‘श’ आहे आणि त्याच्या दोन रूपांचा प्रश्न आहे. ‘कृषी सेवा केंद्र’ हे शब्द सोयाबीन आणि तुरीच्या या प्रदेशात प्रत्येक बाजारपेठेत दिसतात. त्यात खाली ऋकार, वर मात्रा व अनुस्वार आणि मध्ये ‘ष’ व ‘द्र’ आहेत. ठळक वळणाची क्षमता मोजण्यास याहून चांगला नमुना शोधावा लागणार नाही.

‘श’ आणि ‘ल’ यांच्या रूपांचा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाणित मराठी वर्णमालेसंबंधी निर्णय काढला आणि २०२२ साली तो सुधारित स्वरूपात पुन्हा दिला. त्यात मराठीसाठी देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ यांचा आग्रह आहे. युनिकोडमध्ये मात्र ‘ल’ला एकच क्रमांक आहे, मग रूप मराठी असो वा हिंदी. कोणते रूप उमटावे हे अक्षरवळणात दिलेल्या पर्यायी रूपांवर आणि मजकुराला लावलेल्या भाषेच्या खुणेवर अवलंबून असते. अक्षरजुळणी करणाऱ्याने भाषा ‘मराठी’ अशी निवडली नाही, किंवा त्याचे सॉफ्टवेअर ती खूण वाचत नसेल, तर हिंदी रूप निमूटपणे उमटते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्धा ‘ऱ’ आणि ‘ॲ’ हे अक्षर यांचीही अशीच स्थिती आहे; ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. सारांश, मराठी रूपाचे रक्षण रचनाकार, सॉफ्टवेअर आणि जुळणी करणारा या तिघांच्या सहकार्याने होते. यातील तिसरा दुवा जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वांत दुर्लक्षित आहे.

समतेचा प्रश्न :

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली सुधारणा होऊन सर्व दुकानांना देवनागरी लिपीतील मराठी फलक अनिवार्य झाला. मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, अशी त्यात तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. या तरतुदीमुळे अक्षराच्या आकाराला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. परंतु आकार आणि दृश्य वजन या दोन भिन्न बाबी आहेत. इंग्रजी नाव ठळक, नीट आखलेल्या वळणात आणि खाली मराठी नाव संगणकात आयत्या मिळालेल्या बारीक वळणात, अशी रचना उंचीच्या मोजमापात समान भरूनही मराठीला दुय्यम ठरविते. रघुनाथ कृष्ण जोशी यांनी रचलेले ‘मंगल’ हे विंडोज प्रणालीबरोबर येणारे वळण पडद्यावरील वाचनासाठी उपयुक्त आहे. त्याला दहा फुटी फलकावर ताणणे हा त्या वळणावर अन्यायच होय.

बहुलिपी कुटुंबाचे खरे सामाजिक मूल्य येथे दिसते. ‘बलू’त रोमन आणि देवनागरी यांची जाडी, गोलाई आणि दृश्य उंची परस्परांशी जुळवून घेतलेली असल्याने दोन्ही लिप्या एकाच स्वरात बोलतात. शिवाय ते विनामूल्य आणि युनिकोडाधारित आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या पूर्वीच्या प्रणालींतील मजकूर त्या त्या अक्षरसंचाशी बांधलेला असे. संच बदलला की मजकुराचा अर्थहीन चिन्हसमूह होत असे. युनिकोडमुळे फलकावरचा मजकूर तसाच भ्रमणध्वनीवर पाठविता येतो आणि शोधताही येतो. लहान छपाई व्यावसायिकाला परवान्याचा खर्च न करता दर्जेदार वळण वापरता येणे, ही ग्रामीण जिल्ह्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

तथापि या समतेलाही एक मर्यादा आहे. गोलाईचा परिणाम सर्व लिप्यांत सारखा होत नाही. ताडपत्रावर वाढलेल्या ओडियासारख्या लिपीत गोलाई मूळचीच आहे. रोमनमधील अनेक अक्षरे सर्वांगाने गोल होऊ शकतात. देवनागरीत शिरोरेषा आणि काना हे सरळच राहतात. गोलाई प्रामुख्याने टोकांपुरती आणि पोटापुरती उरते. ‘शाळा’, ‘सामाजिक’, ‘महाराष्ट्र’ यांसारख्या शब्दांत उभे दंड जवळजवळ येऊन जाड वळणात गजांच्या कुंपणासारखा परिणाम होतो. एकाच कुटुंबातील रोमन शब्द खेळकर आणि मराठी शब्द किंचित जड वाटतो, त्याचे कारण हे आहे. हा दोष ‘बलू’पुरता मर्यादित नसून देवनागरीवर गोलाई आणि अतिजाडी एकदम लादणाऱ्या सर्वच वळणांत संभवतो. ‘बलू २’मधील मधल्या जाड्या वापरल्यास तो पुष्कळ कमी होतो. म्हणून दोन्ही लिप्यांना यांत्रिकपणे सारखीच जाडी न देता डोळ्याला समान वाटेल अशी जाडी निवडणे अधिक योग्य ठरते.

औचित्याचा विचार :

भारतीय साहित्यशास्त्रात क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले. अक्षरवळणाच्या उपयोजनालाही हा निकष लावता येतो. ठळक गोलाकार अक्षराचा स्थायी स्वर जवळिकीचा, निर्धास्त आणि बालसुलभ आहे. बालवाडीचा फलक, प्रवेशोत्सव, वाचन-प्रेरणा दिन, खाद्यपदार्थाचे वेष्टन, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचे आवाहन, लसीकरणाची माहिती अशा ठिकाणी हा स्वर मजकुराला पोषक ठरतो. लांबून वाचता येणे आणि भीती न वाटणे, या दोन्ही गरजा तेथे एकदम भागतात.

याउलट श्रद्धांजलीचा फलक, कीटकनाशकावरील धोक्याची सूचना, जप्तीची वा पीकविम्याच्या मुदतीची जाहीर नोटीस यांत हाच स्वर विसंगत होतो. धोक्याची सूचना लाडिक अक्षरात आली तर तिच्यातील इशारा बोथट होतो. शोकाचा मजकूर खेळकर अक्षरात आला तर नकळत औचित्यभंग होतो. चर्चासत्राच्या फलकावर विषय, वक्ते, प्रायोजक आणि स्थळ अशा सर्वच ओळी अतिठळक गोल अक्षरात देण्याची पद्धतही अशीच सदोष आहे. सर्वच ओळी मोठ्याने बोलू लागल्यावर कोणतीच ऐकू येत नाही. शीर्षकाला ‘बलू’ आणि तपशिलाला त्याच संस्थेच्या ‘मुक्ता’सारखे वाचनसुलभ वळण, अशी विभागणी केल्यास हा दोष सहज टळतो. ओळींतील अंतर हाही दुर्लक्षित भाग आहे. इंग्रजीच्या सवयीने ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीतील ऋकार-उकार आणि खालच्या ओळीतील वेलांटी-रफार एकमेकांत गुंततात आणि चांगले वळणही वाईट दिसते.

येथे असा प्रतिवाद संभवतो की, सामान्य वाचक वळणाकडे पाहत नाही, तो मजकूर वाचतो. हे अंशतः खरे आहे. परंतु वाचक वळणाचे नाव सांगू शकत नसला तरी त्याचा स्वर त्याला जाणवतो. श्रोत्याला व्याकरण ठाऊक नसले तरी बोलण्यातील कठोरपणा वा मार्दव कळते, तसेच हे आहे. शिवाय ‘मंगरूळपीर’मधील ‘ळ’ बुजला किंवा ‘वाशिम’मधील ‘श’ परक्या रूपात आला, तर त्याची सवय होते आणि सवयीने तेच रूप प्रमाण वाटू लागते. लिपीतील बदल बहुधा अशाच मार्गाने, कोणी ठरविल्याशिवाय घडून येतात. ते घडू द्यावयाचे की नाही, याचा निर्णय भाषा शिकविणाऱ्यांनी जाणीवपूर्वक घ्यावयास हवा.

निष्कर्ष :

१. ठळक गोलाकार वळण ही रोमनची निव्वळ उसनवारी नाही. एकसारख्या जाडीची, गोल टोकाची रेषा धूळपाटी आणि पाटीच्या रूपाने मराठी अक्षरसंस्कृतीत पूर्वीपासून आहे.

२. ‘बलू’चे यश त्याच्या गोडव्यापेक्षा पोकळीच्या हिशेबात आहे. मोठ्या आकारात ते अक्षरांची परस्परांपासूनची भिन्नता राखते. लहान आकारात अतिठळक जाडी टाळणे इष्ट ठरते.

३. मराठी फलकाच्या समतेचा विचार केवळ उंचीवर न थांबता दृश्य वजनापर्यंत जावयास हवा. त्यासाठी बहुलिपी अक्षरकुटुंबे उपयुक्त आहेत.

४. ‘ल’, ‘श’, ‘ळ’, ‘रू’ आणि अर्धा ‘ऱ’ यांची तपासणी केल्याखेरीज कोणतेही वळण मराठीसाठी स्वीकारू नये.

५. वळणाची निवड मजकुराच्या स्वरानुसार व्हावी. आनंदाच्या प्रसंगी शोभणारे अक्षर शोकाच्या वा इशाऱ्याच्या प्रसंगी निषिद्ध मानावे.

समारोप :

महाविद्यालय हे जिल्ह्याच्या ठिकाणी मराठीच्या सार्वजनिक लेखनाचे एक मोठे निर्मितीकेंद्र आहे. सूचनाफलक, निमंत्रणपत्रिका, वार्षिकांक, चर्चासत्रांचे फलक यांतून वर्षभर असंख्य अक्षरे लोकांसमोर जातात. मराठी विभागाने व्यावहारिक मराठीच्या अध्यापनात शुद्धलेखनाबरोबर अक्षरवळणाच्या निवडीचा अंतर्भाव केला आणि फलक छपाईस जाण्यापूर्वी त्यातील ‘ल’, ‘श’, ‘ळ’ तपासण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपविले, तर त्यासाठी स्वतंत्र निधीची वा यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही. चांगली वळणे विनामूल्य उपलब्ध झाली आहेत. ती कोठे वापरावीत आणि कोठे वापरू नयेत याचा विवेक मात्र वर्गातच घडवावा लागेल.